संध्याकाळी येते म्हणाली होती

रविवारी लाँड्री बंद असे, आणि घरातले सगळे वाद रविवारसाठी राखून ठेवलेले असत. आठवडाभर वाफेच्या आणि यंत्रांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, त्यामुळे भांडायची सोयच नव्हती.

त्या रविवारी जेवणं उरकल्यावर सगळे खालच्या इस्त्रीच्या खोलीत जमले. अप्पा आपल्या उंच स्टुलावर बसले होते. वय शहाऐंशी, पण पाठ अशी ताठ की जणू आताच कुणी खळ घालून वाळवलीय. लांब टेबलाच्या टोकाला त्यांचा मुलगा, दादा, पुढ्यात एक कोरा फॉर्म. त्याची बायको, वहिनी, काही काम नसताना चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. दादाची लेक मुलांच्या इस्पितळात नर्स होती, म्हणून घरात तिला कौतुकानं आणि चिडवायलाही नर्सबाईच म्हणत. ती रात्रपाळी करून थेट आली होती आणि मळक्या कपड्यांच्या गाठोड्याला टेकून डोळे मिटून बसली होती.

दादाची बहीण, आत्या, सर्वांत शेवटी आली. दहा वर्षांच्या बटणला वरच्या खोलीत चित्र काढायला बसवून, रंगपेट्या काढून देऊन, दार ओढून. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून ती गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. मुलाला दुसऱ्या खोलीत बसवलं की मोठी माणसं आपल्याला हवं ते बोलतात आणि मूल नेमकं तेच ऐकतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिनं दार ओढलं होतं.

"बुधवारपर्यंत जन्माचा दाखला दिला नाही, तर नव्या शाळेतली बटणची जागा जाणार," दादानं सुरुवात केली. "म्हणून मी हा मार्ग काढलाय. नोंदणी कचेरीतले साहेब वीस वर्षं आपल्याकडे शर्ट टाकतात. भला माणूस आहे. आईच्या रकान्यात हिचं नाव, वडलांच्या रकान्यात माझं. शिक्का ते मारून देतील. विषय संपला."

"म्हणजे आईला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मूल झालं," नर्सबाई डोळे न उघडता म्हणाली. "आमच्याकडे कळलं तर तिला बघायला डॉक्टरांची रांग लागेल."

"चेष्टा पुरे."

"बाबा, रात्रभर दोन बाळांच्या उशाशी उभी होते. चेष्टेपुरतंच त्राण उरलंय."

वहिनीनं चादर खाली ठेवली. "लिहू दे की माझं नाव. खोटं काय त्यात? दुखलं-खुपलं कुणी काढलं? पडसं झालं की रात्रभर छातीवर घेऊन कोण बसलं? मी तिची आई नाही, असं या खोलीत कुणी म्हणून दाखवावं."

तसं म्हणणं शक्यच नव्हतं.

सात वर्षांपूर्वी एका सकाळी एक बाई कपड्यांचं गाठोडं आणि तीनेक वर्षांची मुलगी घेऊन दुकानात आली होती. गाठोडं अप्पांच्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "हिला जरा बसू द्या इथं. संध्याकाळी येते, दोन्ही घेऊन जाते." अप्पांनी चिठ्ठी फाडून अर्धी तिला दिली, अर्धी गाठोड्याला लावली. मुलगी बटणांच्या डब्यापाशी जाऊन बसली आणि दिवसभर एक शब्द न बोलता काळी एकीकडे, पांढरी एकीकडे लावत राहिली. त्यावरून तिचं नाव पडलं. संध्याकाळ झाली, बाई आली नाही.

आता या घरात न नेलेल्या कपड्यांना पाहुणे म्हणत. अप्पांच्या वडलांपासूनचा नियम होता: पाहुण्याला धुऊन, इस्त्री करून, वरच्या फळीवर एक वर्ष ठेवायचं. तेवढ्यात धनी आला तर हसतमुखानं द्यायचं. वर्ष उलटलं की पाहुणा घरचा. दादाचा लग्नातला कोटही असाच घरचा झालेला होता. मांडवात कुणी जरा निरखून पाहिलं की नवरदेवाला घाम फुटत होता, ही गोष्ट वहिनी अजून सांगे.

बटणच्या बाबतीत घरानं तेच केलं. तिचं गाठोडं धुऊन वर ठेवलं. तिच्या आईची वाट पाहिली, अगदी मनापासून पाहिली. दारावरची घंटी वाजली की पाचही माना वळत. आणि बरोबर एक वर्षानं, त्याच तारखेला, अप्पा जेवताना म्हणाले, "आता ती घरची." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. असली चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती.

"वहिनी," आत्या म्हणाली, "तू तिची आई आहेस, यावर वाद नाही. पण दाखल्यावर लिहायचं ते वेगळं असतं. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं, असा कायदा आहे. मग तिथली माणसं त्याच्या आईबापांचा शोध घेतात. कुणी मिळालंच नाही, तर ते कुठं राहणार ते ठरवतात. ठरवताना त्या मुलालाही विचारतात."

"चोवीस तास," दादा म्हणाला. "आणि झाली किती? सात वर्षं. हे तुला आज आठवलं?"

"आज नाही."

"मग? तुझ्याच शाळेत घातलीस ना तिला? जन्मतारीख कुणी लिहिली?"

"मी. दात पाहून."

"घोड्याची लिहितात तशी," नर्सबाई पुटपुटली.

"हो, तशीच." आत्यानं चष्मा काढून पुसला. हे बोलणं कधीतरी येणार हे तिला माहीत होतं. "मी बालहक्कांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते. वर्गात मुलांना शिकवत होते, की तुमच्यावर अन्याय झाला तर कुणाला सांगायचं, कुठला फोन फिरवायचा. आणि घरी येऊन गप्प बसत होते. पहिल्या दिवशी वाटलं, संध्याकाळी येईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या येईल. आठवडा गेल्यावर, उशीर का झाला असं विचारतील, याची लाज वाटायला लागली. मग त्या लाजेचीच सवय झाली. दादा, इथं कुणाचा दोष मोठा असेल तर तो माझा. तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं."

दादा जरा नरमला. बहिणीला अशी मान खाली घालून बोलताना त्यानं लहानपणी सुद्धा पाहिलं नव्हतं. "अगं, मी तुला दोष द्यायला नाही बसलो," तो म्हणाला. "पण आता जाऊन सांगितलं, आणि त्यांनी तिला उचलून नेली तर? एखाद्या वसतिगृहात ठेवली तर? कायदा काय तिला कुशीत घेणार आहे?"

"कायद्यानं नेलेली मुलं मी रोज बघते बाबा," नर्सबाईनं आता डोळे उघडले. "काही जणांचं चांगलं होतं, काहींचं नाही. पण खोट्या कागदावर वाढलेली पण बघते. गेल्या महिन्यात एक मुलगा आला. रक्ताचा आजार. आईवडलांचं रक्त तपासायला घेतलं, तेव्हा आम्हाला कळलं की ते त्याचे नव्हेतच. त्यालाही तेव्हाच कळलं. पलंगावर पडल्या पडल्या. बटणला असं कळावं, असं वाटतं तुम्हाला?"

"बटणला माहीत आहे ती कशी आली ते," वहिनी म्हणाली. "आपण काही लपवलेलं नाही."

"मग कागदावर का लपवायचं?"

वहिनीनं चादर पुन्हा उचलली. दादानं फॉर्म जवळ ओढला. म्हणजे नवराबायको एकीकडे, लेक आणि आत्या एकीकडे, असा मामला झाला. आता सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. वर्षाचा नियम बटणला त्यांनीच लावला होता.

"तो कागद दे इकडं," अप्पा म्हणाले.

त्यांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरून रकाने एकेक करून वाचले. वाचायला त्यांना इतका वेळ लागला की नर्सबाईला जांभई आली.

"सत्तर वर्षं हे काम केलं," ते म्हणाले. "कपडे जळले हातून, फाटले, रंग लागला. गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या. पण एकाच्या शर्टावरचा नंबर खोडून दुसऱ्याचा कधी घातला नाही. हे तेच झालं की."

"अप्पा, माणूस म्हणजे शर्ट नव्हे," दादा म्हणाला.

"तेच तर मी सात वर्षांपूर्वी विसरलो." अप्पांनी कागद टेबलावर उलटा ठेवला. "फळीवर वर्षभर ठेवलं, की झालं घरचं. माणसाला असा नियम लावतात होय? आपण दाराकडं बघत बसलो. शोधायला कुणी गेलं का? त्या बाईला गाडीनं उडवलं, की दुखण्यानं पडली, की कुणी डांबून ठेवली, विचारलं कुणी? आपण वाट बघितली, म्हणजे सोपं ते केलं. पोरगी आवडली म्हणून सोपं केलं."

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आणि मग, ज्याची कुणालाच कल्पना नव्हती, ते झालं. वहिनी खाली बसली. स्टुलावर नाही, जमिनीवरच, चादरीसकट.

"ती आली होती," ती म्हणाली.

"कोण?"

"पाच वर्षं झाली. दुपारची वेळ होती. अहो, तुम्ही साबण आणायला गेला होता, अप्पा वर झोपले होते. समोरच्या फुटपाथवर एक बाई उभी होती. वाळलेली. हातात काहीतरी कागद होता. आपल्या चिठ्ठीचा रंग पिवळा, तसा पिवळा. नीट दिसलं नाही मला. ती दुकानाकडे बघत होती, आत येत नव्हती. बटण आत तुमच्या या टेबलाखाली खेळत होती. मी शटर ओढलं. आतून कडी लावली. अर्ध्या तासानं उघडलं, तेव्हा कुणी नव्हतं. ती असेल, नसेलही. मला माहीत नाही. पण वन्सं, मला कळायचं होतं कुठं? मी कळू दिलंच नाही."

दादा तोंडात मारल्यासारखा बसला. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोनं आपल्यापासून काही लपवलं असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो काही बोलायच्या आधीच आत्या वहिनीशेजारी जमिनीवर जाऊन बसली होती.

"तुम्ही रागवा मला," वहिनी म्हणाली.

"मी कुठल्या तोंडानं रागावू? तू शटर एकदा ओढलंस. मी सात वर्षं ओढूनच ठेवलं होतं."

दादानं फॉर्म उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. "साहेबांना सांगतो, नको म्हणून," तो म्हणाला. "उद्या जाऊ समितीकडे. सगळेच जाऊ."

"आधी वर जायचं," आत्या म्हणाली. "आपण तासभर तिच्याबद्दल बोलतोय. तिला विचारलं कुणी?"

बटण वर टेबलाशी बसली होती. समोरचा कागद कोरा होता, म्हणजे तिनं ऐकलं होतं, बरंचसं. आत्यानं तिला समोर बसवलं आणि वर्गात अवघड गणित सांगावं तसं सांगितलं, एका वेळी एकच गोष्ट, सावकाश, मध्ये थांबून. तू आलीस तेव्हा आम्ही एक काम करायला हवं होतं, ते केलं नाही. ते उद्या करायचं आहे. तिथं तुझ्या आईचा शोध घेतील. तुला काय वाटतं, हेही विचारतील. जे वाटतं ते सांगायचं. आम्हाला आवडेल असं सांगायचं नाही.

"मला घेऊन जातील?"

आत्याला 'नाही' म्हणायचा फार मोह झाला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी तुला खोटं सांगणार नाही. पण तू कुठंही असलीस तरी आम्ही येणार. हे मला माहीत आहे."

मग वहिनी पुढं झाली आणि शटरची गोष्ट तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितली. दादा मधेच "राहू दे गं, पोर आहे" म्हणाला, पण ती थांबली नाही.

"तिच्या हातात चिठ्ठी होती?" बटणनं विचारलं.

"होती असं वाटलं."

संध्याकाळभर बटण वहिनीच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. अप्पांच्या स्टुलाला टेकून मोजे जोडत बसली आणि वहिनी खोलीत आली की उठून जायची. वहिनीनंही हाक मारली नाही. सकाळी मात्र, सगळे निघायच्या गडबडीत असताना, ती केस मोकळे सोडून वहिनीसमोर आली, हातातला कंगवा पुढं केला आणि पाठ करून बसली. वहिनीनं वेणी घातली. घालताना दोनदा सुटली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

त्या सोमवारी भर कामाच्या दिवशी लाँड्रीचं दार बंद राहिलं. चार गिऱ्हाइकं दार वाजवून गेली असतील.

समितीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. जिना चढताना अप्पांना दोनदा थांबावं लागलं. बाहेरच्या खोलीत बाकडी होती, एका कोपऱ्यात बुटकं टेबल, रंगखडू, एकच चाक उरलेली खेळण्यातली गाडी. आतल्या खोलीत तीन माणसं बसली होती. त्यातल्या पांढरे, आखूड केस असलेल्या बाई उठून बाहेर आल्या. त्यांनी कुणाशीही बोलायच्या आधी गुडघ्यात वाकून बटणला विचारलं, "माझ्याशी एकटी बोलशील? नको असेल तर आत्याला घेऊन ये."

"एकटी," बटण म्हणाली, आणि त्यांच्याबरोबर आत गेली.

दार बंद झालं. बोलण्यात एकमेकांना हार न जाणारी ती पाच माणसं बाकड्यावर ओळीनं गप्प बसली. दादानं तीनदा घड्याळ पाहिलं. नर्सबाईनं आईचा हात धरला होता, नाडी पाहावी तसा मनगटाशी. आत्याच्या मनात आलं, आजवर किती आईबाप माझ्या वर्गाबाहेर असे बसले असतील, आणि मी आत किती सहज "थांबा हं जरा" म्हणून गेले असेन.

अर्ध्या तासानं मोठ्यांना बोलावलं.

"मी गोड बोलून काही झाकणार नाही," पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही सात वर्षं उशीर केलात. त्याची चौकशी होईल. पोलिसांना कळवावं लागेल, वर्तमानपत्रात तिच्या आईसाठी निवेदन द्यावं लागेल. त्या बाई सापडल्या, तर काय करायचं ते तेव्हा ठरेल, आणि ते तुमच्या मनासारखं असेलच असं नाही. हे कळतंय ना?"

"कळतंय," अप्पा म्हणाले.

"तोवर ती तुमच्याकडेच राहील. आमची माणसं महिन्यातून दोनदा घरी येतील, न सांगता येतील. शाळेला मी आज पत्र देते. दाखल्यासाठी कुठल्याही मुलाची शाळा अडवता येत नाही."

दादानं इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले.

"आणखी एक. तिनं मला एक अट घातली आहे." बाईंनी वहिनीकडे पाहिलं. "आईला रागवायचं नाही. शटरवरून तर मुळीच नाही. म्हणाली, आईला तेव्हा भीती वाटली होती, आणि भीती वाटली की माणूस दार लावतोच."

वहिनीनं तोंडाला पदर लावला.

"मी तिला सांगितलं, मोठ्या माणसांना सांभाळून घेणं हे तुझं काम नाही. तू दहा वर्षांची आहेस. हे ओझं तुझ्या डोक्यावर राहू नये, म्हणून तर आम्ही आहोत, कायदा आहे. तिला ते पटलेलं दिसलं नाही." बाई पहिल्यांदाच किंचित हसल्या. "तुमच्या घरातलं कुणी तिला पटवून दिलं तर बरं होईल."

"मी पटवते," वहिनी म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. "तुम्ही लिहून घ्या. त्या बाईचं वर्णन, कधी आली होती, कुठल्या बाजूनं, पायात काय होतं. मला सगळं आठवतंय. पाच वर्षं मी रोज तेच आठवते आहे. शोधायला उपयोगी पडेल."

ती बोलू लागली. दादा तिच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. आत्या हळूच उठून बाहेर आली.

बटण बाकड्यावर एकटी बसली होती, पाय हलवत. आत्या तिच्या शेजारी टेकली.

"आई काय करते आत?"

"त्या दिवसाचं सांगते आहे. म्हणजे तुझ्या पहिल्या आईला शोधता येईल."

"सगळं सांगते?"

"सगळं."

बटणनं जरा विचार केला. "मग वेळ लागेल," ती म्हणाली, आणि बाकड्याच्या अगदी कडेला सरकली. आत्यालाही तिनं कोपरानं दुसऱ्या टोकाला ढकललं. मध्ये चांगली दोन माणसं बसतील एवढी जागा झाली.

"एवढी कशाला गं? आई एकटी तर येणार."

"असू दे," बटण म्हणाली, आणि कुणी येऊन बसू नये म्हणून तिनं त्या जागेवर हात पसरून ठेवला.